निमंत्रणाचे उत्तर बटणाने द्या, पण आधी कॅलेंडर लावून घ्या

मा. संपादक,
स.न.वि.वि.

मार्चचा दुसरा रविवार गेला की लगेचच्या सोमवारी हिंजवडी, खराडी, मगरपट्टा इथल्या कार्यालयांत संध्याकाळच्या कॉलचा गोंधळ ठरलेला. त्या रविवारी अमेरिकेतली घड्याळे एक तास पुढे जातात. न्यूयॉर्कमधला सकाळी ९ चा जो कॉल आदल्या शुक्रवारपर्यंत आपल्याकडे संध्याकाळी ७.३० ला होता, तो सोमवारी ६.३० ला येतो. निदान यायला हवा. काहींच्या कॅलेंडरमध्ये तो सरकतो, काहींच्या नाही, आणि मग निम्मी माणसे तासभर आधी हजर, तर निम्मी कॉल संपल्यावर. दोष परदेशातल्या घड्याळांवर जातो. खरे तर कॉल लावणाऱ्याच्या कॅलेंडरमधली एक ओळ चुकलेली असते, आणि ती कोणी उघडून पाहिलेली नसते.

ई-मेलवरून निमंत्रणे देणाऱ्या-घेणाऱ्या कॅलेंडर प्रणाली सांभाळणे हे आमचे रोजचे काम आहे. आज ही प्रणाली फक्त आयटीवाल्यांची राहिलेली नाही. शाळांच्या पालकसभा, सोसायट्यांच्या सर्वसाधारण सभा, डॉक्टरांच्या अपॉइंटमेंट, मुलाखती, बँकेचे ऑनलाइन केवायसी या सगळ्यांची निमंत्रणे मेलमधून येतात. ती येतात त्या जागेच्या सेटिंग मात्र बहुतेकांच्या पहिल्या दिवशी होत्या तशाच आहेत. म्हणून जरा तपशिलात लिहितो.

आधी निमंत्रण म्हणजे काय ते पाहू. 'इन्व्हाइट' आली की आपल्याला मेल दिसतो, खाली होय, कदाचित, नाही अशी बटणे दिसतात. त्या मेलच्या पोटात आयसीएस नावाची छोटी मजकूर-फाइल असते. ती नोटपॅडमध्ये उघडली तर साध्या ओळी दिसतात. 'मेथड' या ओळीत 'रिक्वेस्ट' असते, म्हणजे हे निमंत्रण आहे. 'यूआयडी'पुढे अक्षरे-आकड्यांची एक लांबलचक खूण असते. ती त्या मीटिंगची ओळख, जगात दुसऱ्या कोणत्याही मीटिंगची तीच नसावी अशी. 'डीटीस्टार्ट'मध्ये सुरुवातीची वेळ, आणि तिला चिकटून टाइम झोनचे नाव, उदाहरणार्थ 'एशिया/कोलकाता'. 'ऑर्गनायझर'मध्ये मीटिंग लावणाऱ्याचा पत्ता. मग प्रत्येक निमंत्रिताची एकेक ओळ, आणि तीत 'पार्टस्टॅट' म्हणून 'नीड्स-ॲक्शन', म्हणजे उत्तर यायचे आहे. शिवाय 'सीक्वेन्स', जो सुरुवातीला शून्य असतो आणि वेळ बदलली की वाढतो.

या मांडणीचे प्रमाण १९९८ मध्ये ठरले. २००९ मध्ये ते आरएफसी ५५४५ (आरएफसी म्हणजे इंटरनेटच्या तांत्रिक नियमांचा क्रमांकित दस्तऐवज) म्हणून सुधारून आले, निमंत्रण-उत्तराचे नियम आरएफसी ५५४६ मध्ये आले, आणि हे सगळे ई-मेलमधून कसे पाठवायचे ते २०१० च्या आरएफसी ६०४७ मध्ये. गूगल, आउटलुक, ॲपल या तिघांची कॅलेंडरे एकमेकांची निमंत्रणे वाचू शकतात ती या सामाईक भाषेमुळे.

आता तुम्ही 'होय' दाबता तेव्हा काय होते? तुमच्याकडून त्याच यूआयडीची एक फाइल परत जाते, तिच्यात मेथड 'रिप्लाय' आणि तुमच्या नावापुढे 'ॲक्सेप्टेड'. समोरचे कॅलेंडर ती वाचते आणि यादीत तुमच्या नावावर बरोबरची खूण करते. माणसाने काही करायची गरज पडत नाही. याउलट तुम्ही मेलला उत्तर म्हणून "हो, येतो" असे लिहिले किंवा व्हॉट्सॲपवर अंगठा पाठवला, तर माणसाला कळते, कॅलेंडरला कळत नाही. यादीत तुमचे नाव 'उत्तर नाही' असेच राहते. मीटिंग लावणाऱ्याने चाळीस जणांना बोलावले असेल, तर तो व्हॉट्सॲप चाळत बसणार नाही. यादी पाहून खोली आणि चहा सांगणार.

बटण दाबूनही उत्तर न पोचण्याची तीन कारणे वारंवार दिसतात. पहिले आउटलुकमधले. तिथे 'ॲक्सेप्ट' दाबले की तो विचारतो, उत्तर लगेच पाठवू, मजकूर घालून पाठवू, की पाठवूच नको? घाईत शेवटचा पर्याय निवडला जातो. तुमच्या कॅलेंडरमध्ये मीटिंग पक्की दिसते, समोरच्याला काहीच जात नाही. दुसरे कारण पत्त्याचे. निमंत्रण आले ऑफिसच्या जुन्या पत्त्यावर, तिथून ते आपोआप पुढे येते नव्या पत्त्यावर किंवा खासगी जीमेलवर, आणि उत्तर जाते नव्या पत्त्यावरून. समोरचे कॅलेंडर त्या पत्त्याचा निमंत्रित शोधते, तो यादीत नसतो. मग एक तर उत्तर वाया जाते, नाही तर यादीत तुमचे नाव दोनदा येते. कंपनीचे नाव किंवा डोमेन, म्हणजे मेल पत्त्यातला @ नंतरचा भाग, बदलले की पुढचे काही महिने हा प्रकार जोरात असतो. उपाय एकच: निमंत्रण ज्या पत्त्यावर आले त्याच पत्त्याच्या खात्यातून उत्तर द्या, आणि मीटिंग लावणाऱ्याला तुमचा सध्याचा पत्ता घालायला सांगा. तिसरे कारण म्हणजे मेल 'फॉरवर्ड' करणे. सहकाऱ्याला बोलवायचे तर मेल पुढे ढकलू नका. मीटिंग उघडून त्याला निमंत्रितांत घाला, किंवा लावणाऱ्याला घालायला सांगा. नुसत्या फॉरवर्ड मेलमध्ये तुमच्या नावाचेच निमंत्रण असते. सहकाऱ्याने त्यावर 'नाही' दाबले तर ते कोणाच्या नावावर पडेल याचा भरवसा नाही.

आता सेटिंगकडे वळू. गूगल कॅलेंडरमध्ये हे काम संगणकाच्या ब्राउझरमध्येच करा. वर उजवीकडच्या दातेरी चाकावर क्लिक करून 'सेटिंग्ज' उघडा. मोबाइल ॲपमध्ये यातले बरेच पर्याय मिळत नाहीत. जुन्या आउटलुकमध्ये 'फाइल', 'ऑप्शन्स', 'कॅलेंडर' असा रस्ता आहे.

सर्वांत आधी टाइम झोन, कारण बाकी सगळे त्यावर उभे आहे. गूगलमध्ये जीएमटी अधिक ५.३० आणि 'कोलकाता' निवडा. आउटलुकच्या यादीत तीच वेळ 'चेन्नई, कोलकाता, मुंबई, न्यू दिल्ली' या नावाने सापडते. एखाद्या जुन्या प्रणालीत 'एशिया/कलकत्ता' दिसले तर घाबरू नका, ते त्याच झोनचे जुने नाव आहे. मेलच्या मजकुरात मात्र नुसते 'आयएसटी' लिहू नका. आयर्लंड आणि इस्रायलचीही प्रमाणवेळ याच तीन अक्षरांनी लिहितात. डब्लिनच्या माणसाला 'दुपारी ३ आयएसटी' हे त्याच्याच गावातले ३ वाटले, तर त्याची चूक म्हणता येणार नाही.

तुमचा झोन बरोबर असूनही मीटिंगचा झोन चुकू शकतो. त्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि मार्चमधला गोंधळ इथून सुरू होतो. परदेशी ग्राहकाच्या रिमोट डेस्कटॉपवर, म्हणजे इथे बसून चालवायच्या दूरच्या संगणकावर, काम करणारे हजारो लोक पुण्यात आहेत. ते यंत्र टेक्ससमध्ये असेल आणि त्याचे घड्याळ तिथले असेल, तर त्याच्यावरच्या आउटलुकमधून लावलेली मीटिंग तिथल्या झोनमध्ये नोंदली जाते. तुम्ही पडद्यावर योग्य वेळ पाहून लावलेली असते, त्यामुळे हिवाळाभर चूक दिसतच नाही. मार्चमध्ये दिसते.

दर आठवड्याला येणारी मीटिंग लावताना म्हणूनच विचार करा: कोणाचे घड्याळ स्थिर ठेवायचे आहे? भारतात घड्याळे मागेपुढे होत नाहीत. मीटिंग 'कोलकाता' झोनमध्ये संध्याकाळी ७.३० ला लावली, तर पुण्यात ती वर्षभर ७.३० लाच राहील. न्यूयॉर्कच्या माणसाला हिवाळ्यात सकाळी ९, उन्हाळ्यात सकाळी १०. 'न्यूयॉर्क' झोनमध्ये सकाळी ९ ला लावली, तर तिकडे वर्षभर ९; आपल्याकडे हिवाळ्यात ७.३० आणि उन्हाळ्यात ६.३०. दोन्ही बरोबरच आहेत, पण कोणता पर्याय ते ठरवून घ्यायला हवे, आणि मीटिंग तयार करताना वेळेशेजारच्या 'टाइम झोन' या शब्दावर क्लिक करून तो झोन हाताने निवडायला हवा. सॅन फ्रान्सिस्कोच्या सकाळी ९ चे आपल्याकडे हिवाळ्यात रात्रीचे १०.३० होतात, उन्हाळ्यात ९.३०. लंडनच्या सकाळी १० चे दुपारी ३.३० आणि २.३०. ज्या घरात रात्री ९ नंतर मुलांना झोपवायचे असते किंवा वडीलधाऱ्यांची औषधे द्यायची असतात, तिथे हा एक तास फार मोठा असतो.

भारत, ब्रिटन आणि अमेरिका अशा तिन्ही ठिकाणची माणसे एका कॉलवर असतील तर आणखी एक गाठ पडते. अमेरिका घड्याळ बदलते मार्चच्या दुसऱ्या रविवारी, युरोप आणि ब्रिटन शेवटच्या रविवारी. त्यामुळे दर वर्षी दोन किंवा तीन आठवडे लंडन आणि न्यूयॉर्कमधले अंतर पाचऐवजी चार तास असते. शरद ऋतूत उलट: युरोप ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी मागे येतो, अमेरिका नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी, आणि मधला बरोबर एक आठवडा असाच विस्कटतो. या आठवड्यांत येणाऱ्या नेहमीच्या मीटिंगा एकदा डोळ्यांखालून घाला. गूगलमध्ये दुसरा टाइम झोन शेजारी दाखवण्याची सोय आहे. ती चालू केली की दिवसाच्या रकान्याशेजारी दोन घड्याळांचे आकडे दिसतात आणि हिशेब तोंडी करावा लागत नाही.

याच पानावर तारखेची आणि वेळेची मांडणी आहे. भाषा 'इंग्लिश, यूएस' अशी राहिली असेल, तर तारीख महिना-दिवस या क्रमाने छापली जाते. ०३/०४ हे ३ एप्रिल की ४ मार्च? दोन्ही तारखा अस्तित्वात असल्याने प्रणालीही तुम्हाला अडवणार नाही. दिवस आधी येईल अशी मांडणी निवडा. वेळेसाठी २४ तासांची पद्धत घ्या असे आमचे आग्रहाचे सांगणे आहे. मराठीत आपण "साडेबाराला" म्हणतो तेव्हा दुपार की रात्र ते संदर्भावरून कळते. बारा तासांच्या घड्याळात ते एएम-पीएम या दोन अक्षरांवर लटकलेले असते, आणि ००.३० तिथे १२.३० एएम म्हणून दिसतात. "१५ तारखेला रात्री १२ पर्यंत अर्ज" हेही तसेच. ती १५ ची सुरुवात की शेवट? २३.५९ लिहिले की प्रश्न उरत नाही. "परवा भेटू" हा आपला शब्द तर मागच्या आणि पुढच्या दोन्ही दिवसांना चालतो. मेलमध्ये तो लिहिण्यापेक्षा सरळ निमंत्रण पाठवावे.

टाइम झोननंतर सर्वांत महत्त्वाची सेटिंग म्हणजे आलेली निमंत्रणे कॅलेंडरमध्ये आपोआप शिरू द्यायची की नाही. गूगलमध्ये 'इव्हेंट सेटिंग्ज'खाली 'ॲड इन्व्हिटेशन्स टू माय कॅलेंडर' असा पर्याय आहे, आणि त्यात तीन निवडी. पहिली, कोणाकडूनही आलेले निमंत्रण घ्या. दुसरी, पाठवणारा ओळखीचा असेल तरच. तिसरी, मी मेलमध्ये उत्तर दिल्यावरच. पहिली निवड ठेवली तर ज्याला तुमचा मेल पत्ता माहीत आहे तो कोणीही तुमच्या कॅलेंडरमध्ये नोंद टाकू शकतो. "तुमचे पार्सल अडकले आहे", "तुमच्या खात्यात परतावा जमा" अशी खोटी निमंत्रणे याच दारातून येतात, आणि त्यांचा रिमाइंडर फोनवर वाजतो तेव्हा ते आपल्याच कॅलेंडरचे सांगणे वाटते. मेल असता तर संशय आला असता. अशा नोंदीवर 'नाही' दाबू नका. 'नाही' हेही उत्तरच आहे, आणि उत्तर गेले की पत्ता चालू असल्याचे समोरच्याला कळते. आतल्या लिंकवरही जाऊ नका. नोंद उघडून तीन ठिपक्यांच्या मेनूतून 'रिपोर्ट ॲज स्पॅम' करा.

बहुतेकांसाठी दुसरी निवड योग्य. इथे ओळखीचा म्हणजे तुमच्या संस्थेतला, तुमच्या संपर्कयादीतला किंवा ज्याच्याशी आधी देवाणघेवाण झालेली आहे असा. यातली अडचणही सांगून ठेवतो. नोकरीच्या मुलाखतीचे निमंत्रण ज्या मनुष्यबळ अधिकाऱ्याकडून येते तो तुमच्या यादीत नसतो. मेल येईल, पण कॅलेंडरमध्ये नोंद होणार नाही, आणि रिमाइंडर वाजणार नाही. मुलाखतीच्या हंगामात विद्यार्थ्यांनी दर दिवशी मेल उघडून निमंत्रणांना उत्तर द्यायची सवय ठेवावी. उत्तर दिले की नोंद होते. ज्येष्ठ नागरिकांच्या फोनवर मात्र तिसरी निवड लावून द्यावी असे आम्ही सुचवतो. थोडी गैरसोय होईल, पण फसवणुकीचे एक दार बंद होईल.

आउटलुकची रीत थोडी निराळी आहे. तिथे आलेले निमंत्रण उत्तराआधीच 'टेंटेटिव्ह' म्हणून पट्ट्यापट्ट्यांत बसते. त्यामुळे तुम्ही काहीच केले नाही तरी समोरच्याला तुमची ती वेळ अर्धवट अडलेली दिसते. शिवाय आउटलुकमध्ये निमंत्रणे आपोआप स्वीकारण्याची सोय आहे. ती मीटिंगच्या खोलीसाठी किंवा प्रोजेक्टरसाठी उत्तम: वेळ मोकळी असेल तर हो, नसेल तर नाही. माणसाने ती स्वतःवर लावू नये. लावली तर तुम्ही न वाचलेल्या मीटिंगांनाही तुमचा होकार जातो, आणि होकार देऊन न येणारा माणूस न येणाऱ्यापेक्षा जास्त खोळंबा करतो.

कामाच्या वेळा हे तिसरे. आउटलुकमध्ये त्या मुळात सकाळी ८ ते ५, सोमवार ते शुक्रवार अशा असतात. पुण्यात किती जणांच्या वेळा तशा आहेत? पिंपरी, भोसरीच्या औद्योगिक पट्ट्यात साप्ताहिक सुट्टी गुरुवारी असते. ही सेटिंग बदलली नाही तर मुंबईचा पुरवठादार तुम्हाला हक्काने गुरुवारी सकाळी ११ ची वेळ पाठवणार आणि रविवारी तुम्ही कामावर असून त्याला बंद दिसणार. दवाखाने सकाळी १० ते १ आणि संध्याकाळी ५.३० ते ८.३० असे दोन सत्रांत चालतात; गूगलच्या कामाच्या खात्यात एका दिवसाला असे दोन तुकडे घालता येतात. ही सोय साध्या जीमेल खात्याला मिळत नाही. त्यांनी दुपारच्या वेळेची रोज येणारी नोंद करून तिला 'बिझी' ठेवावे, काम भागते. आणि एक लक्षात असू द्या, कामाच्या वेळा लावल्याने बाहेरच्या वेळेचे निमंत्रण अडत नाही. लावणाऱ्याला फक्त सूचना दिसते. ती पाहूनही त्याने पाठवले तर तुम्हाला 'नाही' म्हणावेच लागेल.

'बिझी' आणि 'फ्री' यांवरून आणखी एक चूक फार होते. सुट्टी टाकताना लोक दिवसभराची नोंद करतात: 'गावी', 'लग्न', 'पालखी, रस्ते बंद'. दिवसभराची नोंद बहुतेक प्रणालींत मुळात 'फ्री' म्हणून पडते, कारण वाढदिवसासारख्या नोंदींनी दिवस अडू नये असा हेतू असतो. म्हणजे तुमच्या कॅलेंडरच्या माथ्यावर 'गावी' अशी पट्टी दिसते आणि बाहेरून पाहणाऱ्याला तुम्ही अख्खा दिवस मोकळे. सुट्टीची नोंद केली की ती उघडून 'बिझी' करा. कामाच्या खात्यात 'आउट ऑफ ऑफिस' हा वेगळा प्रकार आहे, तो वापरला तर त्या काळातल्या निमंत्रणांना आपोआप नकारही पाठवता येतो.

सणांच्या नोंदींबद्दल. गूगलमध्ये भारतातल्या सुट्ट्यांचे तयार कॅलेंडर आहे, आणि त्यात फक्त सार्वजनिक सुट्ट्या की इतर दिवसही दाखवायचे हे निवडता येते. स्वतः नोंद करायची तर 'दर वर्षी' हा पर्याय तिथीच्या सणांना लावू नका. गणेश चतुर्थी २०२३ मध्ये १९ सप्टेंबरला होती, २०२४ मध्ये ७ सप्टेंबरला, २०२५ मध्ये २७ ऑगस्टला. कॅलेंडरला इंग्रजी तारीख कळते, भाद्रपद कळत नाही. विसर्जनाच्या दिवशी लक्ष्मी रस्ता परिसरात प्रत्यक्ष भेट ठरवणारे निमंत्रण बाहेरगावच्या माणसाकडून येते ते यामुळेच. त्याच्या कॅलेंडरमध्ये तो दिवस मोकळा असतो. मंडळांनी, शाळांनी वर्षारंभी पंचांग पाहून त्या वर्षाच्या तारखा हाताने घालाव्यात.

रिमाइंडरबद्दल थोडक्यात. आउटलुकमध्ये तो मुळात १५ मिनिटे आधी वाजतो. ऑनलाइन मीटिंगला ५ ते १० मिनिटे पुरतात. कोथरूडहून हिंजवडीला प्रत्यक्ष जायचे तर १५ मिनिटे आधी वाजणारा रिमाइंडर उशीर झाल्याची बातमी फक्त देतो. गूगलमध्ये एका नोंदीला एकाहून अधिक रिमाइंडर लावता येतात, तेव्हा प्रत्यक्ष भेटीला एक आदल्या रात्रीचा आणि एक दीड तास आधीचा लावावा. गूगलमध्ये प्रत्येकाचा रिमाइंडर त्याचा स्वतःचा असतो, मीटिंग लावणाऱ्याने लावलेला तुमच्याकडे वाजत नाही. गूगलच्या सेटिंग्जमध्ये 'डेली अजेंडा' चालू केला तर पहाटे ५ वाजता दिवसाच्या नोंदींचा एक मेल येतो. फोनवर पाहायची सवय नसलेल्यांना तो फार उपयोगी पडतो.

रिमाइंडर लावूनही वाजत नसेल तर कारण बहुधा फोनमध्ये असते. अनेक अँड्रॉइड फोन बॅटरी वाचवण्यासाठी मागे चालणारी ॲप बंद करतात. फोनच्या सेटिंगमध्ये कॅलेंडर ॲपवरचे बॅटरीचे बंधन काढा आणि खात्याचे 'सिंक' चालू आहे ना ते पाहा. दुसरी तपासणी: नवी नोंद कोणत्या कॅलेंडरमध्ये जाते? फोनबरोबर आलेल्या ॲपमध्ये 'माय फोन' नावाचे कॅलेंडर असते. त्यातल्या नोंदी त्या फोनपुरत्याच. ऑफिसच्या संगणकावर त्या दिसत नाहीत आणि फोन बदलला की गेल्या.

मीटिंग लावणाऱ्यांसाठी दोन गोष्टी, कारण त्यांच्या चुकीचा भार सगळ्यांवर पडतो. वेळ बदलून 'सेव्ह' केले की गूगल विचारतो, निमंत्रितांना मेल पाठवायचा का? मेल नकोत म्हणून 'डोंट सेंड' दाबले जाते. गूगल वापरणाऱ्यांच्या कॅलेंडरमध्ये बदल तरीही दिसतो, पण आउटलुक किंवा इतर प्रणालीवरच्या निमंत्रिताला वाढलेल्या सीक्वेन्सची नवी फाइल मिळतच नाही. तो जुन्या वेळेला येतो. बाहेरचा एकही माणूस यादीत असेल तर 'सेंड'च करा. दुसरी गोष्ट निमंत्रितांच्या यादीची. सोसायटीच्या सभेचे निमंत्रण दीडशे सभासदांना पाठवताना 'गेस्ट परमिशन्स'मध्ये 'सी गेस्ट लिस्ट' बंद करा, नाही तर प्रत्येकाचा मेल पत्ता प्रत्येकाला दिसतो. 'इन्व्हाइट अदर्स'ही बंद करा. सोसायटीचे कॅलेंडर 'पब्लिक' करू नका; सभासदांना वाचण्यापुरतेच द्या. स्वतःचे कॅलेंडर कोणाला दाखवायचे तर 'फ्री-बिझी' इतकेच दाखवा. डॉक्टरकडची वेळ, वकिलाची भेट, मुलाखत ही नावे सहकाऱ्यांना वाचायला मिळण्याचे कारण नाही.

नेहमीच्या मीटिंगमध्ये बदल करताना फक्त हीच, ही आणि पुढच्या, की सगळ्या, असे तीन पर्याय येतात. 'ही आणि पुढच्या' निवडले की गूगल तिथून पुढे नवी मालिका तयार करतो. सुट्टीच्या एका आठवड्यासाठी 'फक्त हीच' पुरे. आणि संस्था सोडून जाणाऱ्याने स्वतःच्या नावावरच्या मालिका आधी रद्द कराव्यात, त्या पुढे चालवणाऱ्याने नव्याने लावाव्यात. खाते बंद झाल्यावर त्या मालिका कोणाच्याच हातात राहत नाहीत, आणि खोली दर मंगळवारी अडलेलीच दिसते.

हे सगळे लावायला एका माणसाला वीस-पंचवीस मिनिटे लागतात. नव्या माणसाला संगणक देताना कार्यालयांनी एवढा वेळ काढावा. महाविद्यालयांनी नोकरभरती सुरू होण्याआधी एक तास द्यावा.

आपल्याला एक विनंती. आपण पंचांग आणि दिनविशेष रोज छापता. मार्चच्या दुसऱ्या आणि शेवटच्या रविवारच्या, तसेच ऑक्टोबरच्या शेवटच्या आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारच्या आदल्या दिवशी त्याच चौकटीखाली दोन ओळी छापाव्यात: उद्या कोणत्या देशाचे घड्याळ किती सरकणार, आणि तिथले सकाळचे ९ सोमवारपासून आपल्याकडे किती वाजता. मजकूर दर वेळी आम्ही आठवडाभर आधी पाठवू.

आपले,
ई-मेल व कॅलेंडर प्रणाली सांभाळणारे काही तंत्रज्ञ,
पुणे